आयतं न घेणारी झुंबरअक्का

चोपड्याला आमची ख्रिस्ती मंडळी लहान. रविवारी उपासनेला चटया भरल्या तरी आमचे पाळकसाहेब, म्हणजे माझे यजमान, दिवसभर खुशीत असत. मी धुळ्याची. माझ्या माहेरच्या चर्चमध्ये बाकं होती, पेटी होती, घंटा होती. इथे पत्र्याची खोली आणि बाहेर एक कडुनिंब. लग्नानंतरचा बराच काळ मी कुरकुरण्यातच घालवला, आणि त्या काळात आमच्या गल्लीत मला सगळ्यात जास्त राग जिचा यायचा, ती बाई म्हणजे झुंबरअक्का.

रागाचं कारण ऐकाल तर हसाल. ही बाई कोणाचं काही ठेवून घेत नसे. वाटीभर वरण पाठवावं, तर संध्याकाळच्या आत तिच्याकडून वाटीभर शेवभाजी हजर. डोक्यावरचा भारा उतरवायला कोणी हात लावला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या अंगणात सडा पडलेला. भांडं रिकामं परत करू नये ही रीत मलाही माहीत आहे, पण रीतीलाही काही माप असतं. माणसाने प्रेमाने काही द्यावं आणि समोरच्याने ते दारातच चुकतं करून टाकावं, याला मी तरी माणुसकी म्हणत नव्हते. मी त्याला मिजास म्हणायची, आणि साहेब मला गप्प करायचे.

तिचा नवरा तोताराम वारला तेव्हा गल्लीने पाळीपाळीने तिच्या घरी भाकरी पोचवली. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, त्यात विशेष काही नाही. पण तेरावं उरकताच अक्का घराघरांतून हिंडली. कोणाची गोधडी शिवून दिली, कोणाच्या भिंती सारवल्या. आमच्याकडे आली ती रविवारी, ऐन उपासनेच्या वेळी, ज्वारीच्या पिठाचा डबा घेऊन. मी खुणेनेच बस म्हटलं, तशी ती दाराशी टेकली. देवाने माणसाचं ओझं स्वतःच्या अंगावर कसं घेतलं, ते साहेब सांगत होते. अक्काने शेवटपर्यंत ऐकलं आणि डबा माझ्या हातात द्यायचं विसरून तो परत घरी घेऊन गेली. पुढच्या रविवारी तोच डबा घेऊन पुन्हा आली. त्यानंतर तिने एकही रविवार चुकवला नाही.

तिचा विश्वास खरा होता, हे मी छातीठोकपणे सांगते. येशू आपल्यासाठी मेला आणि उठला, हे ती नळावर, शेतात, बाजारात कोणी विचारलं तर न लाजता सांगायची. तिचा मुलगा सुपडू धुळ्याला गिरणीत होता. तो म्हणाला, आई, तुला पटतं ते कर, फक्त तब्येत सांभाळ. म्हणजे घरून अडकाठी नव्हती. अडकाठी अक्काचीच अक्काला होती.

दर उन्हाळ्यात आमच्याकडे तापीच्या डोहात बाप्तिस्मा होई. पहिल्या वर्षी अक्का म्हणाली, मी अजून तयार नाही, आधी मिसरी सुटू दे. मिसरी सुटली. दुसऱ्या वर्षी म्हणाली, तोंडातल्या शिव्या जाऊ देत. त्याही गेल्या, निदान रविवारपुरत्या. मग जावेशी अबोला होता तो मिटवायचा होता. तो मिटला, तर म्हणाली, अजून देवाचं काहीच काम केलं नाही, आणि रोज पहाटे चर्चची खोली झाडायला लागली. एक पायरी चढली की तिला पुढची दिसायची.

एकदा साहेबांनी तिला ओट्यावर बसवून सांगितलं, “अक्का, तारण ही देणगी आहे. तुमच्याकडून एवढंच लागतं, की विश्वासाने ती घ्यावी. चांगली कामं नंतर येतात. ती आधी करून देवाला राजी करायचं नसतं.”

अक्का म्हणाली, “त्यानी मनाकरता जीव दिन्हा, साहेब. आनि मी काय, हात हालावत जाऊ का त्याना दारमा?”

यावर साहेबांनी बरंच काही सांगितलं. अक्काने मान डोलावली, उठली, आणि जाता जाता आमच्या रांजणात दोन घागरी पाणी ओतून गेली. मी कपाळाला हात लावला. त्या दिवसापासून माझा राग मात्र भीतीत बदलला. ही बाई अशी उंबऱ्यावर उभी राहूनच म्हातारी होणार, आणि मरतानाही म्हणणार, थांबा, अजून थोडं राहिलंय, असं मला वाटायचं. ज्याच्यावर इतका विश्वास, त्याच्या घरात पाऊल टाकायची हिंमत नाही, यासारखं वाईट काय असणार?

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. पापडांची आमच्या गल्लीची रीत ठरलेली. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, प्रत्येकीने आपलं पोळपाट-लाटणं घेऊन जायचं. अक्का सगळ्यांकडे जायची आणि स्वतःची पाळी हटकून शेवटी लावायची. सगळ्यांच्या घरी राबून झालं की मगच आपल्या घरी लोकांचे हात लागू द्यायचे, हा तिचा हिशोब. त्या वर्षी मात्र सुपडू पापड न्यायला लवकर येणार होता, म्हणून नाइलाजाने तिने पाळी पहिली घेतली. आदल्या दिवसापासून ती बेचैन होती. अजून कोणाचंच काही केलं नाही, असं मला दोनदा बोलून दाखवलं.

सकाळी उडदाचं पीठ कुटून झालं आणि पापड वाळवायला साड्या अंथराव्यात म्हणून ती घराच्या मातीच्या छतावर, धाब्यावर, चढायला लागली. शिडी सरकली. उजवं मनगट मोडलं. शेजारच्या रुक्माबाईने तिला दवाखान्यात नेलं, कोपरापर्यंत प्लास्टर घालून आणलं. घरी आली ती अक्का सरळ आत शिरली आणि आतून कडी लावून घेतली. आम्ही बायका बाहेर पोळपाट घेऊन उभ्या. आतून हुकूम सुटला, की सगळ्यांनी आपापल्या घरी जावं. औंदा तिला कोणाकडे लाटायला जाता येणार नव्हतं, तेव्हा तिच्याकडेही कोणी यायचं नाही. पीठ ती उकिरड्यावर टाकणार होती.

कुटलेलं पीठ उन्हाळ्यात वाट बघत बसत नाही. रुक्माबाईने विनवणी केली, मी तर चिडून वाटेल ते बोलले. दार ढिम्म. शेवटी मुमताज पुढे झाली. मुमताज म्हणजे हाशम टेलरची बायको. घरात हिंदी बोलायची, गल्लीत अहिराणी, आणि दोन्हींत तिच्या तोंडाला लागायची कोणाची टाप नव्हती. तिने लाटण्याने दार ठोकलं आणि आम्ही का आलो ते सुनावलं.

“अक्का, तुना हात मोडेल शे, अक्कल नही. आम्ही काय फेडाले उनूत का? तू आमनी शे म्हणीसन उनूत. आते दार उघड.”

 मग आत कडी खडखडली. डाव्या हाताने कडी काढायला वेळ लागत होता, की मनाला वेळ लागत होता, कोण जाणे. दार उघडलं.

दुपार टळेपर्यंत आम्ही तिच्या घरात लाटत बसलो. अक्का खाटेवर. ती उठायला गेली की कोणीतरी तिला खांद्याला धरून खाली बसवायचं. आपल्याच घरात, आपल्याच कामात, नुसतं बघत बसायचं, ही तिच्यासाठी केवढी शिक्षा होती, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मुमताजने एक लाटी तेलात बुडवून तिच्या तोंडात भरवली. अक्काने ती खाल्ली. खाता खाता तिच्या डोळ्यांना धार लागली, आणि डाव्या हाताने ती धड पुसताही येईना. मलाही रडू आवरेना. त्या दिवशीचे माझे पापड भाकरीएवढे जाड झाले, असं रुक्माबाई पुढे कित्येक वर्षं सांगायची.

संध्याकाळी अक्का आमच्या दारात. येत्या रविवारी बाप्तिस्म्यासाठी माझं नाव घ्या, म्हणाली. साहेब हरखले, मग त्यांची नजर प्लास्टरवर गेली. महिनाभर थांबू, हात बरा होऊ दे, असं ते म्हणाले. मंडळीचा कारभार बघणारे वडील, भाईदासभाऊ, तिथेच चहा घेत होते. नेमाधर्माचा कडक माणूस. बुडायचं तर सबंध, बठ्ठं अंग बुडायला हवं, हात कोरडा ठेवून झालेला बाप्तिस्मा आम्ही धरत नाही, असं त्यांनी सांगून टाकलं.

अक्का दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. आवाज न चढवता म्हणाली, “हात बरा झाया का मी परत कामले लागसू, साहेब. परत म्हणसू, थोडं करी लेऊ, मंग जाऊ. आज मना हातमा काहीच नही. म्हणीसन आतेच जानं शे.”

साहेब भाईदासभाऊंकडे वळले. म्हणाले, की इतकी वर्षं मी जे शिकवतोय ते या बाईने आज मलाच म्हणून दाखवलं, आता मी तिला थांबवणार नाही. पाणी तारत नाही, विश्वास तारतो. हाताला प्लास्टिक गुंडाळू, तो वर धरू. भाईदासभाऊ म्हणाले, मग त्या हाताचं काय? मी स्वयंपाकघरातून विचारलं, म्हणजे काय, बाई स्वर्गात आणि हात नरकात? भाऊंनी उरलेला चहा एका घोटात संपवला.

पुढे अक्का पुष्कळ जगली, आणि कामं आधीपेक्षा जास्तच केली. हात बरा झाल्यावर कोणाचं बाळंतपण असो की कोणाचं मरण, ही तिथे पुढे. पण ती कामं वेगळी होती, हे बघणाऱ्याला कळायचं. काम करताना ती गाणी म्हणायची, आणि कोणी जेवायला बस म्हटलं तर हात धुऊन खुशाल पानावर बसायची. मला तिचा पुन्हा कधी राग आला नाही, हे माझ्यासारख्या बाईच्या बाबतीत थोडं नाही.

तर त्या रविवारी आम्ही टेम्पोने तापीवर गेलो. एका हाताच्या बाईला धरायला कोणीतरी हवं म्हणून मुमताजही आली. खताच्या गोणीच्या आतलं प्लास्टिक अक्काच्या हाताला सुतळीने घट्ट बांधलं होतं. तिने हात ताठ वर धरायचा आणि बाकी सगळं साहेबांवर सोडायचं, असं ठरलं होतं. साहेब आणि अक्का कमरेइतक्या पाण्यात गेले. साहेबांनी विचारलं, प्रभू येशूवर विश्वास ठेवता का? काठापर्यंत ऐकू येईल अशा आवाजात ती म्हणाली, “ठेवस.”

साहेबांनी तिला मागे झुकवलं. अक्का पाण्याखाली गेली. वर फक्त तो गुंडाळलेला हात राहिला. आणि आम्ही बघत असताना तोही हळूच आत गेला. काठावरून भाईदासभाऊच ओरडले, हात, हात सांभाळा. साहेबांनी घाबरून तिला वर काढलं. प्लास्टिकमधून पाण्याची धार लागली होती आणि प्लास्टरचा चिखल झाला होता. साहेबांनी विचारलं, अक्का, वर धरायचा होता ना, खाली का घेतला?

अक्काने तोंडावरचं पाणी निपटलं आणि दम घेतला.

“मी बठ्ठी तयार व्हतू, साहेब. हाऊ हातच तेवढा तयार नव्हता.”