भोपळ्याच्या टोपीतला साहेब

मी पारोळ्याची. वडिलांचं किराणा दुकान होतं. मॅट्रिक झाले, ग्रामसेविकेचं ट्रेनिंग केलं आणि पहिली नेमणूक मिळाली ती चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी, पावरा लोकांच्या एका गावात. तेव्हा हायब्रीड ज्वारी नवी नवी आली होती. पंचायत समितीचा कागद आला, की अमळनेरला जिल्ह्याची लोकनृत्य स्पर्धा आहे, प्रत्येक ग्रामसेविकेने एक पथक आणावं आणि विषय शक्यतो सुधारित शेतीचा असावा.

मी कागद घेऊन गावातल्या अक्कांकडे गेले. अक्का साठीच्या पुढच्या, बारीक, काटक. बायकांच्या नाचात कोण कुठे उभी राहील हे त्या ठरवत. शेजारी त्यांचे दीर बसले होते. ढोल वाजवण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. गाव त्यांना नाना म्हणे.

"हायब्रीड ज्वारीवर नाच बसवायचाय," मी म्हणाले.

नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. "ज्वारी काय नाचस, बाई?"

अक्का मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आमचीच एक गोष्ट शे. ती नाचू."

ती गोष्ट त्यांनी त्यांच्या आजीकडून ऐकलेली. गोऱ्या साहेबाने डोंगरातल्या लोकांना बोलणी करायला नदीकाठी बोलावलं. धान्य देऊ, मीठ देऊ, असं सांगितलं. बायका-पोरांसकट लोक उतरले, आणि मग चारी बाजूंनी बंदुका उठल्या. वाचल्या त्या थोड्या बायका, झाडीत लपलेल्या. त्यांतल्या एकीच्या पदराला बियाण्याची गाठ होती, तीच पुढे पेरली. ही गोष्ट गाण्यात होती, पण तिचा नाच कधी कोणी केला नव्हता. अक्का आणि नाना तो नव्याने रचायला बसले. दुपारी शेतावरून आले की आंब्याखाली तालीम सुरू.

अडचण आली साहेबाची. साहेब व्हायला कोणी तयार होईना. तरण्या पोरांनी कानाला हात लावले. शेवटी अक्कांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"बाई व्हई साहेब."

"मीच का?"

"कागद घीसन कोन येस? हाई करा, ते करा, कोन सांगस?"

सगळं अंगण हसलं. मीही हसले, पण थोडं लागलं, खोटं कशाला सांगू.

शाळेच्या मास्तरांची खाकी पँट मिळाली. ती कमरेला सुतळीने बांधावी लागे. नानांनी वाळलेला भोपळा अर्धा कापला आणि चुना फासून त्याची झकास टोपी केली. काम सोपं होतं, रांगेपुढून ताठ चालत जायचं आणि काठी उचलायची. पण ढोल सुरू झाला की माझे पाय आपोआप तालात पडत. अक्का ओरडत, "ताल चुकाड, बाई! साहेबले ताल नही ऱ्हास!" आयुष्यभर ताल चुकला म्हणून बोलणी खाणारी माणसं पाहिली होती. ताल साधला म्हणून बोलणी खाणारी मी एकटीच असेन.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही एस.टी.ने अमळनेरला गेलो. ढोल टपावर बांधला होता. प्रत्येक खड्ड्याला नाना खिडकीतून मान बाहेर काढून वर बघत. मांडवात पोचलो तर समोरच्या खुर्चीत माझे वडील, आबा! पारोळ्याहून डबा घेऊन आलेले. मी पँट घालणार हे त्यांना सांगितलंच नव्हतं. म्हटलं, आता जे होईल ते होईल.

मी टोपी घालून आले तेव्हा मांडव खदखदून हसला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. हातात हात गुंफलेली बायकांची रांग हळूहळू पुढे येत होती. मी काठी उचलली. नानांनी ढोलावर एकच थाप मारली आणि रांग एका बाजूने कोसळत गेली. मग ढोल थांबला. मांडवात कोणी खोकलंसुद्धा नाही. तालमीत हे वीस वेळा झालं होतं, पण त्या शांततेत मला काठी खाली घेता येईना. पायाशी पडलेल्या अक्का ओठ न हलवता पुटपुटल्या, "चाल, बाई. फुडे चाल."

मी बाजूला झाले. मागून एक बाई उठली, पदराची गाठ सोडली, बी पेरल्यासारखा हात फिरवला. मग दुसरी, तिसरी. पावा वाजला, ढोल घुमला, सगळी रांग उसळत्या पावलांनी फिरायला लागली. आणि माझे पाय! ते निघालेच. मी रांगेला जाऊन भिडले, तशी अक्कांनी कोपराने ढोसलं. "तू साहेब शे! तठेच उभी ऱ्हाय!" पहिल्या ओळीला ते ऐकू गेलं आणि मांडव पुन्हा हसला.

नंतर एक परीक्षक, कॉलेजातले प्राध्यापक असावेत, अक्कांना म्हणाले, "नृत्य सुंदर आहे. पण इतक्या दुःखाच्या प्रसंगानंतर शेवटी तुम्ही सगळ्या हसता, ते जरा विसंगत वाटतं."

अक्कांनी त्यांच्याकडे नवलाने पाहिलं. "समदा नही मरी गयात, भाऊ. आमी शेतस ना आठे!"

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. आम्हाला दुसरा नंबर मिळाला. पहिला ज्वारीवरच्या नाचाला गेला. ते कळल्यावर नानांना परत ठसका लागला.

आबा डबा उघडून बसले होते. "तो साहेब कोण, असं मी शेजारच्याला विचारलं," ते म्हणाले. मग नानांच्या पानात दोन पुरणपोळ्या वाढल्या आणि मला एवढंच सांगितलं, "घरी आईला पँटचं मी बोलेन. तू बोलू नकोस."

पुढच्या वर्षी माझी बदली पहूरला झाली. पण होळीच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गावात गेले. आता गाव तो नाच स्वतःसाठी करत होतं, भर दुपारी, उन्हात. साहेब झाले होते नवे तलाठी, आणि त्यांचा ताल जन्मजातच चुकत होता. या वेळी मी बघणाऱ्यांत होते, म्हणून पहिल्यांदाच मला पूर्ण नाच दिसला. रांग पडायला लागली तशी बघणारी म्हातारी माणसं एकेक नाव मोठ्याने घेऊ लागली. पणज्याचं, पणजीच्या भावाचं, कुणा लहान मुलीचं. अमळनेरला ही नावं कोणी घेतली नव्हती. तिथे ती ओळखणारं कोण होतं?

मग बायका उठल्या, ढोल घुमला. अक्कांनी रांगेतून हात लांब करून मला ओढलं. या खेपेला कोणी ढोसलं नाही. पायांना हवं तसं मी मनसोक्त नाचले. उन्हाने तोंड लालभडक झालं, चपला कुठे गेल्या ते संध्याकाळपर्यंत सापडलं नाही.