पिराप्पाची शेळी आणि खाडीचं पाणी

आमच्या कोहिनूर गावच्या पिराप्पाची पिढीजात शेळ्या-मेंढरं एकेक करून विकली गेली. उरली एकच, गाभण शेळी. शहाण्णव साली आम्ही रायगडाकडं खाडीच्या बांधाच्या कामाला निघालो, तर हा गडी शेळी घेऊनच ट्रकात चढला! "कळपातली ही एवढीच ऱ्हायली अण्णा, हिला कुणाच्या भरवशावर ठिवू?" मला म्हणाला.

खाडी म्हणजे नदी समुद्राला मिळते ती जागा. खारं पाणी भातशेतात शिरू नये म्हणून मातीचा बांध घालायचा, हे आमचं काम. बांधाबाहेर चिखलात, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या तिवरांची हिरवीगार झाडी. पिराप्पानं पहिल्याच सकाळी शेळी तिथं नेऊन बांधली. आमच्याकडं नदी आटली की पावसाळ्यापर्यंत आटली. ही खाडीबाई भरतीनं दिवसातून दोनदा भरते, हे त्याला कोण सांगणार?

दुपारी बघतो तर चिखल गायब, सगळं पाणीच पाणी!

"अण्णा, माझी शेळी!" पिराप्पा उडीच घेत होता, मी कमरेला मिठी मारून धरला. तेवढ्यात एक कोळीण मावशी होडी घेऊन आली. "बसा बिगीनं! पानी काय तुमच्या गावच्या तल्यातला हाय?"

बाहेर पाणी होडी ओढायलं होतं. तिवरांत शिरलो तसं एकदम निवांत. मुळांच्या गर्दीनं पाण्याचा जोरच मोडला होता. आणि आत शेळी, पोटाएवढ्या पाण्यात, पुढचे पाय फांदीवर टाकून आरामात पाला खायलीय!

पिराप्पा उतरला, दावं सोडलं आणि थबकला. मुळामुळांत बारकी मासळी, कोळंबीची पिल्लं वळवळायली.

"अण्णा, ही तर माशांची वाघूर की!" वाघूर म्हणजे आम्ही मेंढरं कोंडतो ते जाळं.

मावशी हसली. "तसाच समज. पिल्लं हितं मोठी व्हतात, मंग दर्यात जातात. आमचा सारा गाव यावर जगतो. तुझी शेली तिवरांचं कोंब खाईल तर झाडी खलास, आमची जाली रिकामी, आन् लाटांनी तुमचा बांध पन फुटंल."

"न्हाई चारणार, अक्का. आईची आण."

बांधावर आल्यावर तो शेळीच्या गळ्यात पडला. हसायलाय का रडायलाय, मला कळंना. त्या दिवसापासून बांधामागचं गवत कापून तिला घालायचा.

चौथ्या दिवशी ती व्याली. दोन करडं, दोन्ही माद्या. पिराप्पा झोपडीतनं ओरडतच बाहेर आला, "अण्णा, तीन झाल्या! आता कळप म्हणायला हरकत न्हाई!"