मागून वाजणारी घंटी

"भाऊजी, हे गेले," सुनीतावहिनी फोनवर एवढंच म्हणाल्या. सकाळी कामावर निघालेला माझा मित्र मिलिंद लिफ्टसमोर खाली बसला, तो उठलाच नाही. सिंगापुरातल्या चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसातून मी एमआरटीने, म्हणजे मेट्रोने निघालो. बेटाच्या या टोकापासून त्या टोकाला, चोआ चू कांगला, त्यांच्या फ्लॅटपाशी पोचलो. बाहेरच्या लोखंडी गेटवर एक सायकलची घंटी बसवलेली आहे. सवयीने हात तिच्याकडे गेला. मी तो मागे घेतला आणि बोटांनी हलकेच दार वाजवलं.

ती घंटी हॉलंडहून आलेली. मिलिंद सिंगापुरातलं पावसाचं पाणी समुद्रापर्यंत नेणाऱ्या कालव्यांवर काम करणारा इंजिनिअर. समुद्रसपाटीच्या खाली वसलेला देश एकदा आपल्या पायांनी पाहायचा, हे त्याच्या मनात कॉलेजपासून होतं. दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं नोकरीत गेली, मग हृदयाचं दुखणं निघालं. नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी उपचारांनंतर सांगितलं, सायकल चालवा, पण सावकाश. डॉक्टर तयार झाले तरी वहिनी तयार होईनात. शेवटी हॉलंडमध्ये सायकलवर फिरायला त्यांनी एक अट घातली.

"मी पुढे, तुम्ही मागे. ओव्हरटेक करायचं नाही."

"आणि मागे मला काही झालं, तर तुला कळणार कसं?"

"घंटी वाजवत राहा. दोनदा वाजली की समजेन, ठीक आहे."

आम्ही तिघं गेलो तो वसंत होता. उट्रेख्त शहरात होडीतून फिरताना रस्ते डोक्यावर आणि जुन्या तळघरांची दारं थेट पाण्याच्या काठावर उघडलेली. लायडन आम्ही चालून पाहिलं. मला पुस्तकांच्या दुकानांतून हलवत नसे, आणि मिलिंदला पुलांवरून. प्रत्येक पुलावर ओणवा होऊन तो पाणी अडवायच्या झडपा बघे. "सिंगापुरात गटारं, इथंही गटारंच बघा," वहिनी म्हणायच्या. तो खूश होऊन मान डोलवायचा, जणू कौतुकच केलं होतं.

मग सायकली भाड्याने घेऊन खेड्यांकडे निघालो. सपाट हिरवी कुरणं, आणि त्यांच्यापेक्षा उंचावरून वाहणारा कालवा. आम्ही रस्त्यावर, आणि आमच्या डोक्यापेक्षा वरून एक होडी शांतपणे चाललेली. मिलिंद पाय टेकून नुसता बघत राहिला. पुढे गेलेल्या वहिनींना घंटी ऐकू येईना, तशा त्या थांबल्या. ट्रिंग ट्रिंग. मागे वळून न बघता त्यांनी ओरडून सांगितलं, "ऐकलं हो!" नंतर आठवडाभर हेच चाललं. मी दोघांच्या मधे असायचो, त्यामुळे दोन्ही आवाज माझ्या अंगावरून जायचे.

एका ठिकाणी पूल नव्हता. होती ती हाताने चाक फिरवून साखळीवर ओढायची सपाट होडी. नावाडी नाही. ज्याला जायचं त्याने ओढायची, दोन्ही काठांवर चाकं. आम्ही पार झालो. वहिनी त्यांची सायकल हातात धरून बांधाची चढण चढू लागल्या, मी त्यांच्या मागे. तेवढ्यात पलीकडच्या काठावर एक म्हातारं जोडपं येऊन उभं राहिलं. मिलिंदचा स्वभाव असा, की हॉकर सेंटरमध्ये जेवून उठतानासुद्धा पुढच्या माणसासाठी खुर्ची ओढून ठेवायचा. त्याने लगेच चाक फिरवून होडी त्यांच्याकडे पाठवली. त्याची स्वतःची सायकल होडीतच होती.

आजोबा होडीत चढले, त्यांना सायकल दिसली, आणि पाण्याच्या मधोमध त्यांनी हसत हसत तिची घंटी वाजवली. वहिनी गर्रकन वळल्या. पाण्यातून घंटी! सायकल टाकून त्या अशा धावत उतरल्या, की मीही घाबरलो. खाली मिलिंद कोरडा ठणठणीत उभा.

"मला वाटलं, तुम्ही पाण्यात..."

"मी इथंच आहे गं. नुसती घंटी तिकडून येतेय."

वहिनी आधी रडल्या, मग आम्ही सगळेच हसत सुटलो, ते जोडपंसुद्धा. परतताना मिलिंदने तशीच एक घंटी विकत घेतली आणि गेटवर बसवली. रोज संध्याकाळी किल्ली काढायच्या आधी तो ती दोनदा वाजवायचा.

तो गेल्यानंतरच्या बुद्धवंदनेला घर भरलं होतं. नंतर माणसं पांगली. मागच्या रविवारी मी पुन्हा गेलो आणि पुन्हा बोटांनीच दार वाजवलं. वहिनींनी उघडलं.

"जय भीम, वहिनी."

"जय भीम. तुम्हीसुद्धा टकटकच करता?" त्या म्हणाल्या. "शेजारची आँटी टकटक, पोस्टमन टकटक. त्या घंटीला कोणी हात लावत नाही. घर मुकं झालंय हो माझं."

"तुम्हाला त्रास होईल असं वाटलं."

त्या गेटकडे बघत राहिल्या. "त्या होडीच्या दिवशीही नुसती घंटीच आली होती ना? ... थांबा जरा."

आणि त्यांनी आतलं दार लावून घेतलं. मी कॉरिडॉरमध्ये उभा. गेटवरची घंटी दमट हवेने थोडी गंजलेली. अंगठा ठेवला, तर सुरुवातीला जड गेली. मग वाजली. दोनदा.

आत स्वयंपाकघराच्या बाजूने, थोडा फाटलेला पण मोठा आवाज आला, "ऐकलं हो!"