कावळ्यापुढची कबुली

माझ्या बायकोच्या वर्षश्राद्धाला एका कावळ्याने मला दीड तास गच्चीवर उन्हात उभं केलं. तेवढ्या वेळात मी सगळ्या बिल्डिंगसमोर माझे गुन्हे कबूल केले. त्यातले दोन तर माझे नव्हतेच.

मी सातवी शिकलेला माणूस. चांदवडकडून नाशकात आलो आणि अंबडच्या एका कारखान्यात लेथवर जन्म काढला. मशीन चालू असलं की ओरडूनच बोलावं लागतं, ती सवय घरी पण आली. मी ओरडायचो, कमल हळू बोलायची, असा आमचा संसार बेचाळीस वर्षं चालला. गेल्या माघात ती गेली. तेव्हापासून ओरडायला घरात कोणी नाही. (टीव्हीवर ओरडून बघितलं. तो काही मागे वळून "अहो, हळू" म्हणत नाही.)

तर वर्षश्राद्ध. खाली घरात गुरुजींचं सगळं आटोपलं. मुलगा संतोष आणि मी कावळ्याचं पान घेऊन गच्चीवर गेलो. पानावर वडा, खीर, भात, पुरणपोळी, सगळं होतं. कठड्यावर पान ठेवलं. कावळा शिवल्याशिवाय खाली कोणी जेवणार नाही, अशी आमच्याकडची रीत. आणि खाली पंचवीस माणसं वासावर बसलेली.

कावळा लगेच आला. टीव्हीच्या छत्रीवर बसला. पानाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पाठ फिरवली.

संतोष म्हणाला, "अण्णा, आईची काहीतरी इच्छा राहिली असेल. शब्द द्या तिला."

मी हात जोडले. म्हटलं, कमल, बीपीच्या गोळ्या रोज घेईन. कावळ्याने पंखाखाली चोच घालून खाजवलं. म्हटलं, ओझरच्या तुझ्या बहिणीकडे जाईन. (तिच्याशी माझं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. तिची बासुंदी पातळ झाली होती, ते मी पंगतीत सांगितलं. पातळ होती म्हणून सांगितलं.) हे ऐकून कावळा उडून शेजारच्या बिल्डिंगवर गेला. संतोष म्हणाला, एकदम एवढं मोठं बोलू नका, आईला पटणार नाही.

पाऊण तास झाला तशी खालची भुकेली माणसं एकेक करून वर यायला लागली. पहिल्या आल्या दुसऱ्या मजल्यावरच्या शिरोडे वहिनी. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, काकूंचा झाडांवर फार जीव होता. काका रोज सकाळी गॅलरीतून चूळ टाकतात ती आमच्या मेथीवर पडते, ते त्यांना सहन होत नसेल. मी गुपचूप शब्द दिला, चूळ बंद. कावळा परत छत्रीवर येऊन बसला. झालं! बिल्डिंगला वाट सापडली.

सेक्रेटरी भामरे वर आले. त्यांच्या मते कमलचा जीव माझ्या स्कूटरमध्ये अडकला होता, कारण ती मी मीटरच्या पेटीसमोर लावतो. दिला शब्द. तळमजल्यावरच्या आजींना लिफ्टनंतरचा गच्चीचा जिना चढवत नाही, तरी चढल्या. मागच्या उन्हाळ्यात वाळत घातलेल्या त्यांच्या कुरडया कोणी खाल्ल्या, ते त्यांना विचारायचं होतं. मला कवळी आहे. कुरडई मी लांबून बघतो. पण पंचवीस माणसं उपाशी होती, मी म्हटलं, मी खाल्ल्या. मग कोणीतरी लिफ्टच्या फुटलेल्या बटणाचा विषय काढला. ते पण मीच फोडलं म्हणालो. कावळा छत्रीवरून एखाद्या साहेबासारखा ऐकत होता. खाली उतरायचं नाव नाही.

गुरुजींना अजून दोन घरं होती. ते पण वर आले आणि पिशवीत हात घालून म्हणाले, "फार ताणू नका. दर्भाचा कावळा करून देतो, तो शिवला की झालं."

माझं डोकंच फिरलं. पान मागे सोडून मी गुरुजींकडे वळलो आणि कारखान्यातल्या आवाजात सुरू झालो. म्हटलं, बेचाळीस वर्षं जिने मला ताजी भाकरी घातली, तिला मी गवताचा पक्षी दाखवून वाटेला लावू काय? तुमची घाई तुमच्यापाशी ठेवा. इथे संध्याकाळ झाली तरी मी हलणार नाही. आणखी बरंच बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. गुरुजी काही सांगायला बघत होते, पण माझं मशीन एकदा सुरू झालं की मध्ये कोणाला बोलता येत नाही.

बोलून बोलून दम लागला. ती कशासाठी अडली असेल ते मला पहिल्यापासून माहीत होतं. गोळ्या, बहीण, मेथी हे सगळं मी ते टाळायला चालवलं होतं.

मी डोळे मिटले आणि म्हटलं, "कमल, सखारामचं सांगतो. पाण्याची मोटर मी जाळली."

हे जरा नीट सांगतो. सखाराम गावित हा आमचा वॉचमन. पेठकडचा. जिन्याखालच्या खोलीत बायकोला घेऊन राहायचा. मोटर चालू-बंद करणं हे त्याचं काम. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी माझ्या अंगाला साबण लागलेला आणि नळ कोरडा. टॉवेल गुंडाळून मी खाली गेलो, मोटर चालू केली, अंघोळ उरकली, जेवलो आणि झोपलो. खालची टाकी रिकामी झाली आणि मोटर कोरडी फिरत राहिली, जळून वास सुटेपर्यंत. भामऱ्यांनी सगळ्यांना गोळा करून विचारलं, मोटर कोणी लावली? मी म्हटलं, सखारामशिवाय कोण लावणार. सखाराम समोरच उभा होता. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. दोन दिवसांत नवरा-बायको बोचकं बांधून दिंडोरीकडे द्राक्षाच्या मळ्यात गेले.

कमलला खरं माहीत होतं, माझा ओला टॉवेल तिनेच वाळत घातला होता. आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. नंतर बोलली, पण मधूनमधून विचारायची, "सखारामचं सांगितलं का?" मी म्हणायचो, सांगतो. शेवटी दवाखान्यात विचारलं. तेव्हा मी म्हटलं, सांगितलं. ती हसली आणि कुशीवर वळली.

एवढं सगळं मी डोळे मिटून, हात जोडून, मोठ्याने सांगितलं. डोळे उघडून वळून बघतो तर पानावरचा वडा गेलेला, पोळी उचकटलेली!

"शिवला," मी म्हटलं. "संतोष, आईने ऐकलं."

संतोष चपलेकडे बघायला लागला. शिरोडे वहिनी हळूच म्हणाल्या, "काका, तो मघाशीच शिवून गेला. तुम्ही गुरुजींवर ओरडत होता ना, तेव्हा."

(हे मात्र कमलचंच. मी दुसऱ्या कोणावर ओरडत असलो की ती निवांत दोन घास खाऊन घ्यायची.)

"मग मला सांगायचं ना!"

"गुरुजी सांगत होते," भामरे म्हणाले, "मीच त्यांना थांबवलं. म्हटलं, आज काका बोलतायत तर बोलू द्या."

खाली पंगत बसली. माझ्या पानात वहिनींनी स्वतः होऊन वडे वाढले, पण माझ्याशी कोणी नजर मिळवेना. मला वाटत होतं, कोणीतरी चार शिव्या द्याव्यात. शेवटी भामरेच म्हणाले, "सखारामला मी काढलं, काका. न विचारता काढलं. रविवारी माझी गाडी काढतो."

रविवारी मी, संतोष आणि भामरे दिंडोरीकडे निघालो. मळ्यात तोडणी चालली होती. सखाराम क्रेट उचलत होता. मला बघून क्रेट खाली ठेवला आणि हात पुसले. वाटेत मी बरीच वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. म्हटलं, "मोटर मी जाळली होती रे. नाव तुझं घेतलं."

"माहीत हाय काका," तो म्हणाला. "मी लाइटबिल भरायला निघालो तवा तुम्ही टॉवेलवर मोटरच्या खोलीतून निघाले. मला वाटलं, बंद कराल."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"वॉचमनचं कोण ऐकतो? आणि काकू म्हणल्या, ते स्वतः येतील, थांब. फोन करायच्या ना अधूनमधून. दवाखान्यातून पण केला. म्हणल्या, आज माझ्याशी खोटं बोलले. म्हणजे लाज वाटाया लागली, आता येतील."

मी बांधावर खाली बसलो. भामऱ्यांनी उगाच एक द्राक्ष तोडून तोंडात टाकलं.

मग भामरे म्हणाले, परत ये, खोली तुझीच आहे. सखाराम नको म्हणाला. इथे बरं होतं. त्याची बायको पण कामाला होती. फक्त एक गोष्ट होती. आधीचं काम का सुटलं, असं मालकाने विचारलं तेव्हा त्याने खरं ते सांगितलं होतं, मोटर जळाली म्हणून काढलं. तेव्हापासून तीन वर्षं मळ्यातल्या मोटरीला कोणी त्याला हात लावू देत नव्हतं. पाणी सोडायचं म्हटलं की दुसऱ्याला हाक. पोरंसोरं पण चिडवायची.

"जे मला सांगितलं," तो म्हणाला, "ते मालकासमोर सांगाल का? सगळ्यांसमोर?"

मालकाला बोलावलं. तोडणीवरची माणसं जमली, सखारामची बायको पुढे येऊन उभी राहिली. तिच्याकडे बघून सांगणं कावळ्याला सांगण्यापेक्षा अवघड गेलं. पण सांगितलं सगळं, साबणापासून झोपेपर्यंत. माझ्याकडे जो आवाज आहे त्याच आवाजात, म्हणजे शेजारच्या दोन मळ्यांना पण कळलं असावं. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि नवऱ्याकडे बघितलं. बास, तेवढंच.

मालक माणूस कमी बोलणारा. त्याने खिशातून मोटरीच्या खोलीची किल्ली काढून सखारामच्या हातावर ठेवली. "जा, खालच्या प्लॉटला पाणी सोड."

सखाराम निघाला. मला इतकं भरून आलं, की मी पण त्याच्या मागे दोन पावलं गेलो.

मालकाने माझा दंड धरला. "काका," तो म्हणाला, "तुम्ही इथेच बसा. चहा सांगितलाय. मोटरीकडे तेवढं नका जाऊ."