वसिष्ठाशेजारची चांदणी

मी काय नोकरी करतो असं आमच्या गावी, अमडापुरात, कुणी विचारलं, की "सरकारी आहे" एवढंच सांगून मी मोकळा व्हायचो. खरं सांगत बसलो असतो तर ऐकणाऱ्यानं तंबाखू मळायला घेतली असती. दक्षिणेतल्या एका डोंगरावरच्या वेधशाळेत आम्ही जवळच्या ताऱ्यांना कुणी जोडीदार आहे का, ते शोधत होतो. असा जोडीदार असलाच तर मंद, निवत चाललेला. मोठ्या ताऱ्याच्या झगझगाटात तो बुडून जातो. म्हणून आम्ही उजेडाचा नाद सोडून त्याची ऊब शोधायचो, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत. त्यासाठीचं यंत्र द्रवरूप नायट्रोजन ओतून गारठवून ठेवावं लागे, नाहीतर ते स्वतःच्याच उबेनं आंधळं होई. ताऱ्याच्या आजूबाजूला दुर्बीण जराजराशी सरकवायची, प्रत्येक ठिकाणची ऊब टिपायची आणि त्यातून चित्र जुळवायचं. बहुतेक वेळा चित्रात एकटा तारा निघायचा. हे काम तुझ्या तोंडासारखंच रडकं आहे, असं माय म्हणायची. मी लहानपणापासून तोंड पाडून बसणारा.

त्या वर्षी चैत्रात रजेवर घरी आलो, तर मायनं पाण्याचा तांब्या देतादेताच सांगितलं की बाबा डोळ्यांच्या ऑपरेशनला नाही म्हणतात. मोतीबिंदू पार पिकला होता. शेगावला डोळ्यांचं शिबिर भरणार होतं. बाबांना कारण विचारलं, तर "कायले?" एवढंच म्हणाले आणि वांग्यांना पाणी द्यायला निघून गेले.

कारण संध्याकाळी कळलं. जेवणं आटोपून अंगणात बाजा टाकल्या होत्या. उत्तरेला सप्तर्षी वर आले होते. लग्नात नवऱ्यानं नवरीला त्यांतल्या वसिष्ठाशेजारची बारीक चांदणी दाखवायची असते, ती अरुंधती. आणि जी लग्नात दाखवतात तीच चांदणी ज्याला दिसेनाशी होते, तो सहा महिन्यांत जातो, असंही आमच्याकडे मानतात. बाबा दर उन्हाळ्यात ती पाहायचे, "दिसली" म्हणायचे आणि मग आडवे व्हायचे. त्या दिवशी ते नुसतेच आडवे झाले.

"मले अरुंधती नाही दिसत," ते म्हणाले. "मी काही दिवाळी पाहत नाही. मरनाऱ्या मानसाचे डोये कापून काय करता?"

मला संताप आला. ताऱ्यांवर पोट भरणाऱ्याच्या बापानं असं बोलावं! "बाबा, चांदणी आहे तिथंच आहे. मोतीबिंदूनं वसिष्ठाचा उजेड पसरतो आणि ती त्यात बुडते. आमचंही रोजचं रडगाणं हेच," असं म्हणून मी त्यांना यंत्राचं सांगितलं. चुलीतल्या जाळाकडं पाहिलं की बाजूचा राखेखालचा निखारा दिसत नाही, पण हात जवळ नेला की ऊब लागते. आमचं यंत्र म्हणजे तो हात. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुह्या यंत्राले दिसत असन. मले नाही दिसत," ते म्हणाले.

माय पलीकडे भांडी घासत होती. "मले तं कवाच नाही दिसली," ती हात न थांबवता म्हणाली.

बाबा उठून बसले.

"लग्नात तुमी बोट दाखोलं. मले नुसतं आभाय दिसलं. पाव्हणे भुकेले होते, म्हून म्हनलं दिसली. मरायचंच असतं तं तवाच मेली असती मी."

मला हसू आलं. बाबांना आलं नाही. "इतके वर्सं सांगतलं नाही तू?"

"दुसऱ्यांदा कोनं विचारलं मले?"

त्यांना ते फार लागलं, हे मला दिसत होतं. सकाळी मात्र दातण करताकरता त्यांनी विचारलं, "शेगावले कवा जा लागते?"

ऑपरेशन चांगलं झालं. डोळ्यांना पट्टी होती तोवर माय त्यांना घास भरवायची आणि हाताला धरून फिरवायची. नंतर जाड भिंगांचा चष्मा आला. त्या दिवाळीला बाबा होते. माय नव्हती. श्रावणात ती काविळीनं गेली.

पुढच्या चैत्रात मी आलो. अंगणात दोनच बाजा टाकल्या. बाबांनी चष्मा लावला आणि बराच वेळ मान वर करून पाहत राहिले.

"दिसली," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "लय बारीक हाय. मीच घाईत दाखोली असन तिले."

मग ते माझ्याकडे वळले.

"ऊब असन तरच दिसते म्हने तुह्या यंत्राले?"

"हो."

"आन् थंड झालेलं?"

"अगदी थंड झालेलं नाही दिसत, बाबा."

त्यांनी चष्मा काढला, धोतरानं पुसून उशाशी ठेवला आणि सप्तर्षींकडे पाठ करून निजले.