उडी मारणाऱ्यांची बाजू

रविवारी दुपारी जेवण झालं की माझा नवरा कॉम्प्युटरवर महायुद्ध खेळतो. बदनापूरच्या आमच्या दोन खोल्यांत तेव्हा रणगाडे फिरत असतात आणि मी शेजारी बसून लसूण सोलते. मला तो खेळ आवडतो, पण हे मी त्याला सांगत नाही, नाहीतर तो मला शिकवायला बसेल. एका रविवारी त्याच्या रणगाड्याला गोळा लागला, चाकांवरची साखळी तुटली, आणि आतले चौघेही झाकण उघडून बाहेर पडले नि शेतातून पळत सुटले.

"काय करून राह्यले हे येडे?" नवरा म्हणाला. "गाडी चांगली हाये, तोफ चालू हाये. निस्ते भित्रे."

"तुम्ही बसा आत," मी म्हटलं, "मंग सांगा."

तो हसला. त्याला वाटलं, मी गंमत करतेय. माझा मात्र पारा चढला होता. आपण वरून बघतो. आपल्याला रणगाड्याच्या डोक्यावर हिरवी पट्टी दिसते, अर्धा जीव अजून बाकी आहे हे कळतं. आतल्या माणसाला यातलं काही दिसत नाही. त्याला धूर दिसतो, आणि एवढंच कळतं की पहिला गोळा जिथून आला तिथूनच दुसरा येणार आहे. जागचा न हलणारा रणगाडा म्हणजे लोखंडाची पेटी. तिच्यात बसून राहायला सांगणारे आपण कोण? खेळ बनवणाऱ्यांना हे कळलं, म्हणून त्यांच्या खेळात माणसं उडी मारतात. माझ्या माहेरच्या गावाला ते कळत नव्हतं.

माहेर परतूरकडचं. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, माझ्या चुलतभावाचा ट्रॅक्टर चालवायचे. कापसाच्या दिवसांत ट्रॉलीत कापूस तुडवून तुडवून भरतात, वरून ताडपत्री बांधतात, आणि तो ढीग रस्त्यावरच्या तारांना टेकेल इतका उंच होतो. सगळेच तसं भरतात, कारण दुसरी खेप कोणाला नको असते. एका दुपारी लोंबणारी तार ढिगाला घासली आणि ठिणगी पडली. कापूस पेटायला काय लागतं. आबांनी ट्रॅक्टर थांबवला, खाली उतरले, आणि ज्वारीच्या रानात लांब जाऊन उभे राहिले. ट्रॉली जळाली. तिच्यापायी ट्रॅक्टरही जळाला.

त्या दिवसापासून गावाला एकच गोष्ट माहीत, ती म्हणजे पिन. ट्रॉली ट्रॅक्टरला एका लोखंडी पिनेनं अडकवलेली असते. ती ओढून काढली असती तर ट्रॉली मागं राहिली असती आणि ट्रॅक्टर वाचला असता. पिठाच्या गिरणीत, सलूनमध्ये जो तो हेच बोलायचा. लग्नाच्या पंगतीत लोक हातातली पुरी खाली ठेवून पिन कशी ओढायची ते करून दाखवायचे. ज्यांनी जन्मात ट्रॅक्टरला हात लावला नव्हता ते सगळ्यात जोरात ओढायचे. मी एकेकाशी भांडले. रस्ता चढाचा होता, ट्रॉलीचं वजन मागं खेचत होतं, अशा ताणात पिन निघतच नाही, हे सांगून सांगून माझा घसा कोरडा पडला. आबा मात्र यावर कधी बोलत नसत. दादानं, म्हणजे त्या चुलतभावानं, विम्यातून नवा ट्रॅक्टर आणला, त्यावर दुसरा ड्रायव्हर बसवला, आणि आबा आपल्या तुकड्यातल्या मोसंबीला पाणी देत राहिले.

दसऱ्याला आमच्याकडं ट्रॅक्टर धुतात, झेंडूच्या माळा घालतात, पूजा करतात. नारळ मात्र मालक फोडत नाही, ड्रायव्हर फोडतो. जो चालवतो त्याचा तो मान. आगीनंतर आबा पूजेला जायचे, पण गोठ्याशी मागं उभे राहायचे. यंदा मी माहेरी होते. आबा हळदीकुंकवाचं ताट बघून दोन पावलं पुढं आले, तेवढ्यात दादा उदबत्ती ओवाळता ओवाळता म्हणाला, "काका, तुम्ही मागंच थांबा. धूर दिसला की पळतात तुम्ही."

सगळे हसले. आबाही हसले. ते हसले नसते तर मी कदाचित गप्प बसले असते.

मी ताटातला नारळ उचलून आबांच्या हातात दिला. "फोडा."

"अगं, डायवर फोडत असतो," दादा म्हणाला. "रीत हाये ती."

"मंग हे कोण हायेत?" मी म्हटलं. "तुझा ट्रॅक्टर जळाला, दादा, दुसरा आला. माझा बाप जळाला असता तर कोणत्या शोरूममधून आणला असता? अन् ती पिन निघतच नव्हती. चढावर कुठं..."

"निघत होती," आबा म्हणाले.

मी जे वाक्य घेऊन इतकी वर्षं साऱ्या गावाशी भांडले, ते माझ्या तोंडातच राहिलं.

आबांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. "अर्धी वर आल्ती. आणखी एक हिसका दिला असता तर निघाली असती. पण मानंला झळ लागली अन् म्या सोडून दिली." मग ते सरळ दादाकडं बघून बोलले. "तू कधी मला इचारलं न्हाई, म्हून सांगितलं न्हाई. उद्या पुन्हा तसं झालं तर पुन्हा सोडीन. बिलकुल सोडीन."

ते वाकले आणि नव्या ट्रॅक्टरच्या चाकापुढच्या दगडावर त्यांनी नारळ फोडला. पाणी दादाच्या धोतरावर उडालं.

आबांनी फुटलेल्या नारळाचं एक भकल माझ्या हातात दिलं. "लोकायला ते चढाचं सांगत नको जाऊ आता," ते म्हणाले. "आबा पळाला, एवढंच सांग."