सेट पॉइंट बासष्ट

डिस्प्लेवर दोन आकडे होते. वरचा लाल, एकसष्ट. खालचा हिरवा, बासष्ट. लाल आकडा म्हणजे टाकीतल्या पाण्याचं आत्ताचं तापमान. हिरवा म्हणजे सेट पॉइंट, आपल्याला हवं असलेलं तापमान. दोन महिन्यांपूर्वी हा कंट्रोलर मीच बसवला होता आणि हिरवा आकडा मी पंचेचाळीसवर ठेवून गेलो होतो.

"बघा," मॅडम म्हणाल्या. "तुमचं मशीन खराब आहे. आजच्या आज बदलून द्या."

मनीषनगरच्या पुढे, जिथे वस्ती विरळ होत जाते, तिथला हा वृद्धाश्रम. पुरुषांची इमारत वेगळी, बायकांची वेगळी. बायकांच्या इमारतीच्या तळमजल्यावर केअर विंग, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या आज्यांचा विभाग. त्यांच्या अंघोळीसाठी तीनशे लिटरची इलेक्ट्रिक टाकी आणि तिच्यावर हा डिजिटल कंट्रोलर. मॅडम म्हणजे तिथल्या मॅनेजर. आवाज करडा, पण कोणत्या आजीला कोणतं औषध हे त्यांना तोंडपाठ.

आदल्या दिवशी, गुरुवारी, तिथे एक आजी भाजली होती. वत्सलाबाई रेवतकर, वय बहात्तर. रोजची आया प्रमिलाताई त्या दिवशी सुट्टीवर. बदली बाईने पाय शेकायला टबात गरम पाणी घेतलं, त्यात थोडं थंड मिसळलं आणि आजींचे दोन्ही पाय आत ठेवले. उजवा पाय आजींनी झटकन काढून घेतला. डावा तसाच राहिला. दीड वर्षापूर्वी त्यांना लकवा मारला होता. डाव्या अंगाला गरम-थंड कळत नव्हतं, आणि बोलणंही जड झालं होतं. बदली बाईच्या लक्षात येईपर्यंत पायावर फोड आले होते.

मी कामाला लागलो. आधी सेन्सर काढला. सेन्सर म्हणजे टाकीत बसवलेली बोटभर लांबीची कांडी, ती पाण्याचं तापमान कंट्रोलरला सांगते. वेगळ्या भांड्यात गरम पाणी घेऊन माझ्या थर्मामीटरशी ताडून पाहिलं. अर्ध्या अंशाचाही फरक नव्हता. मग रिले पाहिला. रिले म्हणजे हीटरचा करंट चालू-बंद करणारा स्विच. तो कधी कधी जळून चिकटतो आणि हीटर बंदच होत नाही. तोही ठीक होता. म्हणजे मशीनने काहीच चूक केली नव्हती. त्याला बासष्ट सांगितलं होतं, त्याने बासष्ट केलं.

"मॅडम, हे कोणीतरी वाढवलं आहे."

"कोण वाढवणार? इथे शिकलेलं कोण आहे त्यातलं? मी काल त्या बाईंच्या मुलीला फोनवर सांगितलं, की मशीन बिघडलं होतं. आता तुम्ही म्हणता बिघडलंच नाही."

मी बाहेर आलो तर प्रमिलाताई धुतलेली फडकी वाळत घालत होत्या. सुट्टीवर होत्या म्हणून त्यांचा जीव खालीवर होत होता. त्यांना विचारलं, पाणी कधीपासून जास्त गरम येतं?

"रोज नाही येत साहेब. सोमवारी अन गुरुवारी येते. बाकीच्या दिवशी कोमट राहते. आमी म्हनलं, तुमी मशीनमधेच तसं करून देल्लं असन."

"सोमवार-गुरुवारी काय असतं?"

"आमच्या आज्यांचं न्हानं राहते ना. बाकी दिवशी नुसतं अंग पुसून देतो."

मशीन बिघडलं तर वार बघून बिघडत नाही. मी मॅडमना सांगितलं, सोमवारी टाकीची खोली नेहमीसारखी उघडी ठेवा. मी सकाळीच येतो. मी सांगितल्याशिवाय कोणाचीही अंघोळ सुरू करू नका. मग सेट पॉइंट पंचेचाळीसवर आणला आणि घरी गेलो.

सोमवारी साडेसातलाच मी टाकीच्या मागे बादली पालथी घालून बसलो. थंडी मी म्हणत होती. आठच्या सुमाराला एक म्हातारा आत आला. अंगात स्वेटर, खाली धोतर, डोक्याला मफलर. त्याने आधी बोट स्वेटरला पुसलं. मग सेटचं बटण दाबून धरलं आणि तोंडातल्या तोंडात मोजलं, एक, दोन, तीन, चार, पाच. कंट्रोलरने कोड विचारला. म्हाताऱ्याने चार शून्यं टाकली. मग वरच्या बाणाचं बटण, एकेक करून. सेहेचाळीस, सत्तेचाळीस.

तो बासष्टवर पोचेपर्यंत मी गप्प राहिलो. मग उभा राहिलो.

"काका."

तो दचकला नाही. "आले का इंजिनेरसाहेब? बसा. थोडा टाइम लागते मले. चस्मा नाही आनला आज."

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"तुमीच तं शिकवलं."

आणि मला आठवलं. कंट्रोलर बसवत होतो तेव्हा एक म्हातारा दाराशी उन्हात बसला होता. 'हे काय होते गा?' असं विचारत होता. आमच्या धंद्यात कामाकडे कोणी इतक्या लक्षाने बघत नाही. गिऱ्हाइकाला फक्त झालं का एवढंच हवं असतं. मला बरं वाटलं होतं. मी त्याला सगळं सांगितलं होतं. हे बटण, पाच सेकंद, मग कोड. कंपनीतून येतो तोच कोड, चार शून्यं. तो मी बदलला नव्हता.

"मोटरच्या पॅनलवर आयुष्य गेलं माहं," तो म्हणाला. "नरखेडकडे शेती हाये. संत्रा हाये. हे तं दोनच बटनं."

"पण वाढवता काहून?"

तो टाकीला हात लावून उभा राहिला. मग सांगू लागला. त्याची बायको आत होती, केअर विंगमध्ये. त्यांची मुलगी झाली तेव्हा घरात दुसरं कोणी बाईमाणूस नव्हतं. बाळंतिणीचं पाणी तापवायचं काम त्याच्यावर आलं. तेव्हापासून ते त्याच्याकडेच राहिलं. रोज पहाटे चुलीत कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवायच्या, पाण्याचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, वर चढवायचा, पाण्याला बोट लावून पाहायचं आणि न्हाणीत नेऊन ठेवायचं. तिला पाणी कढत लागायचं. इतकं कढत, की त्याला त्यात बोट ठेवता येत नसे.

"दुसरं काही मी तिचं केलं नाही," तो म्हणाला. "पातळं तिनंच घेतले, दवाखान्यात तिची तीच गेली. येवढं एकच काम माह्याकडं होतं. इथं आलो तं थेही गेलं. आत जाऊ देत नाही. रविवारी चार ते पाच. तिच्या डोळ्यात पानी येते, सांगता काही येत नाही. प्रमिलाबाईनं सांगतलं, की न्हानं असलं का रडते, पानी थंड म्हनते. मंग मी काय करू?"

"रोज का नाही वाढवत?"

"रोज काहून? तिचं न्हानं दोनच दिवस राहते. सकाळी वाढवतो, दुपारी कमी करून देतो. बिल कोनाचं काहून वाढवाचं? या गुरुवारी कमी कराले आलो तं खोलीले कुलूप होतं."

मला आता थंडी वाजेनाशी झाली होती. नाव विचारायची गरज नव्हती, तरी मी विचारलं.

"गुणवंत रेवतकर. ती वच्छला."

मी सर्व्हिसचा माणूस. रिपोर्टमध्ये 'सेटिंगमध्ये बदल आढळला' असं लिहून मला निघता आलं असतं. सांगायचं काम मॅडमचं होतं, मुलीचं होतं. पण त्याचं बोट अजून बटणावर होतं.

"काका, गुरुवारी या पाण्याने एकीचा पाय भाजला. फोड आले आहेत."

"कोनाचा?"

"वत्सलाबाईंचा. डावा."

कंट्रोलरवर तीस सेकंद बटण दाबलं नाही तर तो आपोआप सेटिंगमधून बाहेर येतो. तसा तो आला.

"डाव्या पायाले तिले समजत नाही," म्हातारा म्हणाला. "रविवारी पायात मोजा होता. मी म्हनलं, थंडी हाये म्हून घातला असन. पोरीनंही काही सांगतलं नाही मले." मग त्याने पुन्हा सेटचं बटण दाबलं. "आकडा सांगा मले साहेब. कमी करतो. दिसून नाही राहिलं."

मी आकडे वाचत गेलो. एकसष्ट. साठ. एकोणसाठ. तो एकेकदा बटण दाबत होता. सतरा वेळा. पंचेचाळीस आल्यावर मी "बस" म्हटलं.

मी काही म्हणायच्या आत तो ऑफिसकडे चालू लागला. मी मागे गेलो. मॅडमच्या टेबलासमोर तो उभा राहिला आणि म्हणाला, "मशीन नाही बिघडली. मीनं वाढवलं होतं पानी."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही? कळतं का तुम्हाला तुम्ही काय केलं ते? आत बारा आज्या आहेत. कोणाचंही काहीही झालं असतं!"

"मले गावले पाठवून द्या. पन तिले इथंच राहू द्या. माह्यानं तिचं होत नाही."

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मला वाटलं, आता बोललो नाही तर नंतर बोलण्यात अर्थ नाही.

"मॅडम, कोड बदलायचं काम माझं होतं. मी बदलला नाही. आणि यांना बटणं मीच शिकवली. शिवाय मुळात ही टाकीच मी चुकीची लावून दिली."

"म्हणजे?"

मी समजावून सांगितलं. भाजू नये म्हणून टाकीतच पाणी पंचेचाळीसवर ठेवणं हा शॉर्टकट होता. कोमट पाणी साठून राहिलं की त्यात जंतू वाढतात. शिवाय नळापर्यंत येता येता ते आणखी निवतं, म्हणून आज्या कुडकुडतात. बरोबर पद्धत अशी, की टाकीत साठ ठेवायचं आणि बाथरूमच्या आधी मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवायचा. तो गरम आणि थंड पाणी स्वतःच मिसळतो आणि ठरलेल्या अंशाच्या वर पाणी पुढे जाऊच देत नाही. हे मी तेव्हाही सांगितलं होतं. पण बाथरूमला नवीन टाइल्स लागल्या होत्या, त्या फोडाव्या लागल्या असत्या. मॅडम 'नंतर बघू' म्हणाल्या होत्या आणि मीही जोर धरला नव्हता.

"फोडा टाइल्स," मॅडम म्हणाल्या.

"आणि एक," मी म्हटलं. "व्हॉल्व्ह असला तरी प्रत्येक बादलीचं तापमान थर्मामीटरने बघायला माणूस पाहिजे. आयांना वेळ नसतो. हे काका बघतील."

"बायकांच्या न्हाणीघरात? अशक्य."

"मी आत नाही जात," गुणवंतराव म्हणाले. "दाराबाहेर बसतो."

"बघते," मॅडम म्हणाल्या. दोन दिवसांनी, बुधवारी व्हॉल्व्ह बसवायला गेलो तेव्हा कळलं, परवानगी मिळाली होती. सोमवार-गुरुवार, दहा ते साडेअकरा, दारापर्यंत. कंट्रोलरचा नवीन कोड मात्र फक्त मॅडमकडे.

पहिल्या दिवशी मी थांबलो. कॉरिडॉरमध्ये नवीन नळ बसवला होता. त्याच्याशेजारी स्टुलावर गुणवंतराव, दाढी केलेले, चष्मा लावून. बादली भरली की ते थर्मामीटर बुडवत, आकडा स्थिर होईपर्यंत थांबत आणि मोठ्याने सांगत. चाळीस. एक्केचाळीस. प्रमिलाताई बादली आत नेत.

पाचवा नंबर वत्सलाबाईंचा. व्हीलचेअर आली. डावा पाय पट्टीत गुंडाळलेला. गुणवंतरावांनी एकदा त्या पट्टीकडे पाहिलं, मग पाहिलं नाही. वत्सलाबाईंनी उजवा हात पुढे केला आणि बादलीत बोटं बुडवली. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. काहीतरी बोलल्या. मला एक अक्षर कळलं नाही.

"काय म्हणतात आजी?" प्रमिलाताईंनी विचारलं.

"कढत नाही म्हनते," गुणवंतराव म्हणाले. मग बायकोकडे वळून, अगदी हळू, "नाही वं. आता एवढंच भेटन."

त्या पुन्हा तेच बोलल्या, जरा रागावून. गुणवंतरावांनी मान हलवली. जन्मभर तिला हवं तसं पाणी दिलेला माणूस आता तिला नाही म्हणत होता. त्यांनी तिच्या खांद्यावरची शाल नीट केली. व्हीलचेअर आत गेली आणि दार बंद झालं. पुढची बादली भरायची होती, नळ उघडा होता. पण आतून पहिला तांब्या ओतल्याचा आवाज येईपर्यंत ते दाराकडे तोंड करून बसून राहिले.

माझी बायको गडचिरोलीकडे शिक्षिका आहे. अठरा वर्षं ती शनिवारी येते आणि सोमवारच्या पहिल्या बसने जाते. सवय झाली आहे, असं आम्ही दोघंही सगळ्यांना सांगतो. त्या दिवशी गुरुवार होता. तिची मधली सुट्टी बघून मी फोन लावला.

"काहून केला?" ती घाबरून म्हणाली.

"असाच."

"असाच? बरं आहे ना सगळं?"

बरं आहे म्हटलं. मग तिच्या मागे शाळेची घंटा वाजली आणि तिने फोन ठेवला.

वत्सलाबाईंचा पाय भरून यायला सव्वा महिना लागला. दर तीन महिन्यांनी मी तिथे सर्व्हिसिंगला जातो. टाकी साठवर, नळ एक्केचाळीसवर, तक्रार नाही. वत्सलाबाईंची तेवढी आहे, आणि ती अजून दर सोमवारी-गुरुवारी होते.

कंपनीचा कोड आता मी कंट्रोलर लावतो त्याच दिवशी बदलतो. आणि आणखी एक करतो. नवीन साइटवर गेलो, की टाकी कुठे, वायरिंग कुठे, हे विचारायच्या आधी विचारतो, की हे पाणी कोण वापरणार आणि त्यांना ते कसं लागतं. बहुतेक मॅनेजर म्हणतात, त्याच्याशी तुम्हाला काय करायचं, स्टँडर्ड सेटिंग ठेवा. मी स्टँडर्डच ठेवतो. पण विचारतो.